एका फुंकरीत अख्खी टीम आडवी! 'फायनल फँटसी'मधल्या मॉल्बोरोला गेमर्स इतके का टरकतात?

गेममधला सगळ्यात डेंजर शत्रू कोण, असं विचारलं की बहुतेक जण ड्रॅगनचं नाव घेतील. कुणी एखाद्या राक्षसाचं, कुणी शेवटच्या लेव्हलच्या बॉसचं. पण 'फायनल फँटसी' ही जपानी गेम सिरीज खेळत मोठे झालेले लोक एका वनस्पतीचं नाव घेतात. हिरवंगार अंग, पायांच्या जागी वळवळणाऱ्या मुळ्या, देठांवर लटकणारे डोळे आणि चेहऱ्याच्या नावाखाली नुसता दातांनी भरलेला जबडा.

या प्राण्याचं, म्हणजे झाडाचं, म्हणजे जे काही आहे त्याचं नाव मॉल्बोरो.

त्याच्याकडे तलवार नाही आणि तो आकाशातून उल्काही पाडत नाही. तो फक्त तोंड उघडतो आणि श्वास सोडतो. तेवढ्यावर तासाभराची मेहनत पाण्यात जाते. हे नेमकं कसं होतं आणि एका झाडाला एवढा भाव का मिळाला, ते समजून घेऊया.

मॉल्बोरो आला कुठून?

स्क्वेअर या जपानी कंपनीने १९८७ च्या डिसेंबरमध्ये पहिला 'फायनल फँटसी' बाजारात आणला. हिरोनोबू साकागुची हे त्याचे कर्तेधर्ते. बरोबर एक वर्षाने, डिसेंबर १९८८ मध्ये दुसरा भाग आला आणि त्यात मॉल्बोरोने पहिल्यांदा हजेरी लावली. तेव्हापासून सिरीजच्या बहुतेक मोठ्या भागांमध्ये तो कुठे ना कुठे दबा धरून बसलेला असतो. कधी दलदलीत, कधी जंगलात, तर कधी शेवटच्या गुहेत.

जपानीत त्याचं नाव 'मोरुबोरू'. इंग्रजी आवृत्त्यांमध्ये त्याचं 'मॉल्बोरो' झालं, तर 'फायनल फँटसी १४' या ऑनलाइन गेममध्ये मूळ उच्चाराच्या जवळ जाणारं 'मॉरबोल' वापरतात. नाव कुठलंही असो, हत्यार एकच. इंग्रजीत 'बॅड ब्रेथ'. जपानी नावाचा सरळ अर्थही तोच, घाण वास मारणारा श्वास.

श्वासात असं आहे तरी काय?

हे कळण्यासाठी आधी या गेम्सची लढाई कशी चालते ते बघू.

सिरीजच्या जुन्या भागांत लढाई पाळीपाळीने होते. तुमच्या टीममध्ये साधारण तीन-चार पात्रं असतात. प्रत्येकाची पाळी आली की तुम्ही मेन्यूतून हुकूम देता: हल्ला कर, जादू कर, औषध दे. बटणं वेगात दाबण्याचा इथे फारसा उपयोग नाही. योग्य वेळी योग्य हुकूम देणं हीच खेळाडूची खरी ताकद.

साधा शत्रू तुमच्या पात्रांची ताकद, म्हणजे एचपी कमी करतो. एचपी कमी झाली की औषध द्यायचं, विषय संपला. मॉल्बोरोचा श्वास एचपीच्या नादी लागत नाही. तो एकाच वेळी अख्ख्या टीमला आजारी पाडतो. गेमच्या भाषेत याला 'स्टेटस इफेक्ट' म्हणतात आणि बॅड ब्रेथमध्ये ते घाऊक भावात मिळतात:

- विष: दर पाळीला एचपी गळत राहते.
- आंधळेपणा: मारलेले फटके हुकतात.
- मुकेपणा: मंत्र म्हणता येत नाही, म्हणजे जादू बंद.
- मंदपणा: तुमची पाळी उशिरा येते.
- गोंधळ: पात्र स्वतःच्याच मित्रांना बडवायला लागतं.
- बेभानपणा: पात्र तुमचं ऐकत नाही, समोर दिसेल त्यावर तुटून पडतं.

कुठल्या भागात यातले कुठले आजार होतात ते बदलतं, पण डाव तोच राहतो.

आता यातली गंमत बघा. हे सगळे आजार बरे करणारी 'एसुना' नावाची जादू गेममध्ये असते. पण ती करणारी जादूगार मुकी झालेली असते. मुकेपणावर औषध असतं, पण ते द्यायला जो शुद्धीवर हवा तो गोंधळून मित्रालाच मारत असतो. उरलेला एकटा बेभान झालेला असतो, त्याला हुकूमच देता येत नाही.

म्हणजे औषध पिशवीत आहे, ते कसं वापरायचं हेही माहीत आहे, पण वापरणारा हातच तुमचा राहिलेला नाही. कंट्रोलर हातात धरून आपलीच माणसं एकमेकांना संपवताना बघत बसायचं.

सगळ्यात बदनाम आवृत्ती कुठली?

यावर गेमर्समध्ये वाद होऊ शकतो, पण २००१ साली आलेल्या 'फायनल फँटसी १०'मधल्या 'ग्रेट मॉल्बोरो'चं नाव हमखास निघतं. ओमेगा रुइन्ससारख्या शेवटच्या टप्प्यातल्या जागांमध्ये तो भेटतो आणि बेसावध गाठतो. लढाई सुरू होते ती त्याच्या पाळीने, आणि पहिली चाल बॅड ब्रेथ. तुम्ही मेन्यू उघडायच्या आधीच टीम तुमच्या हातातून गेलेली असते.

त्या काळात ऑटोसेव्ह नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं. ठराविक ठिकाणी असलेल्या 'सेव्ह स्फिअर'पाशी जाऊनच गेम सेव्ह करता यायचा. टीम संपली की थेट शेवटच्या सेव्हपाशी. मधल्या वेळेत मिळालेली शस्त्रं, वाढवलेली ताकद, शोधलेल्या पेट्या, सगळं गेलं. ड्रॅगनशी लढताना निदान आपण हरतोय हे हळूहळू कळतं, सावरायला वेळ मिळतो. मॉल्बोरो तेवढीही संधी देत नाही.

मग हा अन्याय आहे का?

अनेकांना तेव्हा तसंच वाटलं. पण नीट बघितलं तर मॉल्बोरोला हरवता येतं, फक्त लढाई सुरू होण्याच्या आधी.

सिरीजमध्ये 'रिबन' नावाची एक वस्तू आहे. दिसायला साधी, पण बहुतेक स्टेटस इफेक्ट अडवते. ती नसेल तर निदान गोंधळ आणि बेभानपणा रोखणारं चिलखत घालायचं. कारण विष परवडतं, आंधळेपणा परवडतो, पण पात्र तुमच्या हुकुमात राहायला हवं. 'फायनल फँटसी १०'मध्ये पहिली पाळी मिळवून देणारी शस्त्रंही असतात. शिवाय सिरीजच्या अनेक भागांत गोंधळलेल्या मित्राला एक फटका दिला की तो भानावर येतो.

बहुतेक खेळाडू चिलखत निवडताना फक्त एक आकडा बघतात: संरक्षण किती? बाकीचे बारीक गुण कोण वाचतंय! मॉल्बोरो नेमकी हीच सवय मोडतो. ताकद वाढवत राहिलं की सगळं जमतं, हा समज तो एका श्वासात काढून टाकतो. टीममधला सगळ्यात तगडा योद्धा गोंधळला तर सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो, कारण त्याचा फटका आता आपल्याच माणसाला बसणार असतो.

शत्रूचं हत्यार आपलंही होतं

गेम बनवणाऱ्यांनी एक छान सोयही ठेवली आहे. हा श्वास खेळाडूला स्वतःला शिकता येतो. १९९७ च्या सातव्या भागात 'एनिमी स्किल' वापरून, २००० सालच्या नवव्या भागात क्वीना या खादाड पात्राने मॉल्बोरोला चक्क खाऊन, तर दहाव्या भागात किमारी या पात्राकडून. १९९९ च्या आठव्या भागात क्विस्टिस ही शिक्षिका 'मॉल्बोरो टेंटॅकल' वापरून तोच श्वास शिकते. त्याच भागात डूमट्रेन ही भुताळी रेल्वे मिळवायची तर असे सहा टेंटॅकल जमवावे लागतात. म्हणजे ज्याच्यापासून पळायचं, त्यालाच शोधत फिरायचं!

पण झाडच का?

झाडं आपल्याला पार्श्वभूमी वाटतात. वाघ दिसला की आपण थांबतो, झुडूप दिसलं की बाजूने निघून जातो. ते झुडूपच चाल करून आलं तर? या कल्पनेवर लोक फार पूर्वीपासून गोष्टी रचत आले आहेत. १८७४ मध्ये 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राने मादागास्करमधल्या माणूस खाणाऱ्या झाडाची बातमी छापली होती, ती साफ बनावट निघाली. पुढच्याच वर्षी चार्ल्स डार्विन यांचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं खरंखुरं पुस्तक आलं. १९५१ मध्ये जॉन विंडम यांच्या कादंबरीत चालणारी 'ट्रिफिड' झाडं आली, तर १९८५ मध्ये मारिओच्या पाइपमधून चावरी पिरान्हा प्लांट.

आणि घाण वास? तोही झाडांच्या दुनियेत नवा नाही. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचं टायटन ॲरम फुललं की सडलेल्या मांसासारखा वास सुटतो. त्याचा फुलोरा तीन मीटरपर्यंत उंच जाऊ शकतो आणि वास दूरवर पोहोचावा म्हणून तो चक्क तापतो.

याचे नातेवाईक आपल्या स्वयंपाकघरात आहेत. आपलं सुरण त्याच कुळातलं, त्याच प्रजातीतलं. सुरणाला फूल आलं की परसात काहीतरी मेलंय की काय असं वाटतं. पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात येणारी शेवळंही याच घरातली. नीट केली नाहीत तर घशाला खाज सुटते, म्हणून त्यात काकडं नाहीतर चिंच घालतात. थोडक्यात, या घराण्याशी पंगा घ्यायचा तर तयारी हवी, हे कोकणातल्या आज्यांना गेमर्सच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

फरक एवढाच, की खरी झाडं तो वास कुणाला मारायला सोडत नाहीत. माश्या आणि भुंगे मांस समजून येतात, अंगाला पराग लावून जातात. त्यांच्यासाठी ते आमंत्रण असतं.

आज मॉल्बोरो तितकाच डेंजर आहे का?

गेम बदलले तसा तोही बदलला. 'फायनल फँटसी १४'मध्ये श्वास कुठल्या दिशेने येणार हे जमिनीवर आधी दिसतं, वेळेत बाजूला झालं की सुटका. तिथल्या 'ऑरम व्हेल' या ठिकाणी तर उलटाच प्रकार आहे. अंगावर चढत जाणारा त्रास उतरवायला मॉरबोलचंच फळ खावं लागतं. २०१६ च्या पंधराव्या भागात लढाई पाळीपाळीची राहिलेली नाही, तिथे मॉल्बोरो खाणीच्या दलदलीत भेटतो आणि आगीशिवाय आवरत नाही. शिवाय आता बहुतेक गेम्स आपोआप सेव्ह होतात. हरलात तर दोन मिनिटं मागे, बास.

त्यामुळे जुनी धडकी आता तेवढी भरत नाही. तरी जुन्या भागांच्या नव्या आवृत्त्या फोनवर, पीसीवर आल्या आहेत आणि नवे खेळाडू त्या उचलतायत. तुम्हीही त्यातले असाल तर दहाव्या भागाच्या शेवटाकडे जाताना दोन गोष्टी करा. चिलखतावरची बारीक अक्षरं वाचा. आणि सेव्ह स्फिअर दिसला की तो ओलांडून पुढे जाऊ नका.