गुडघा फौजेत मोडला, पण कागद कुठे आहे?



सातारा जिल्ह्यातील मिलिटरी अपशिंगे या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. फौजेची ती परंपरा आपल्या ऊसपट्ट्यात आजही आहे. लागणीच्या नोंदी घेत शिवारात फिरताना आम्हाला निवृत्त हवालदार, सुभेदार सभासद पुष्कळ भेटतात. सरीत पाणी धरून बांधावर चढताना एखादा गुडघा धरून थांबतो. विचारलं तर म्हणतो, "फौजेत मोडला साहेब, आता काय त्याचं?"

त्याचं बरंच काही आहे. नोकरीमुळे झालेले किंवा नोकरीने वाढलेले अपंगत्व मेडिकल बोर्डाने २० टक्के वा अधिक ठरवले, तर अपंगत्व पेन्शन मिळते. गोळीच लागली पाहिजे असे नाही. पलटणीने भरवलेल्या खेळात झालेली दुखापतही ड्यूटीवरची धरतात. १०० टक्के अपंगत्वास शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, असा हिशेब आहे. ५० च्या खालचे अपंगत्व ५० धरण्याची सवलत मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी दिला. सप्टेंबर २०२३ नंतर सुटलेल्यांना मात्र नवे नियम आहेत; त्यांनी आधी चौकशी करावी.

आता कागदांचे. गट ऑफिसात नोंद नसली की तोडणीचा नंबर लागत नाही, तसेच इथे आहे. दुखापतीचा रिपोर्ट, लष्करी दवाखान्याचे डिस्चार्ज कागद, सुटतानाच्या मेडिकल बोर्डाची प्रत आणि डिस्चार्ज बुक एका पिशवीत ठेवा. प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाला मदत मिळते. अर्ज फेटाळला तर अपील आहे, त्यापुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे.

उशीर मात्र महागात पडतो. हक्क जुना असला तरी थकबाकी साधारणपणे दावा केल्याच्या मागील ३ वर्षांचीच मिळते, असे २००८ च्या निकालात ठरले आहे. त्याआधीची वर्षे वाहून गेलेल्या पाण्यासारखी.

काही जुनी मंडळी म्हणतात, "मागत फिरणं शिपायाला शोभत नाही." आण्णा, काट्यावर वजन झालेल्या उसाचं बिल मागायला आपण कधी लाजतो का? गुडघा देऊन झाला आहे, पावती तेवढी शोधायची आहे. पुढच्या पाळीचे पाणी धरण्याआधी ट्रंक उघडावी, ही विनंती.