चुका पडद्यावरच व्हाव्यात

रोबोटिक शस्त्रक्रिया यंत्र आपणहून करते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात रुग्णापासून काही फुटांवर, ‘कन्सोल’ नावाच्या नियंत्रण-आसनावर बसलेला शल्यचिकित्सक आपल्या बोटांनी आणि पायाखालच्या पेडलांनी जे करतो, तेवढेच रोबोचे हात रुग्णाच्या शरीरात करतात. कन्सोलच्या खाचेत डोके टेकवले की पोटातील भाग त्रिमितीत आणि सुमारे दहापट मोठा दिसतो आणि डोके बाजूला होताच तेथील संवेदक रोबोचे हात जागच्या जागी थांबवतो. हाताची थरथर यंत्र गाळून टाकते, बोटांची हालचाल ठरलेल्या प्रमाणात लहान करून आत पोहोचवते आणि सुमारे ८ मिलिमीटर जाडीच्या उपकरणाचे टोक मनगटाप्रमाणे वळवू देते. मात्र आजवरच्या बहुतेक यंत्रांत ऊतींचा स्पर्श शल्यचिकित्सकाच्या बोटांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे टाका घालताना धागा किती ताणला गेला, हे ऊतीचा रंग फिका पडण्यावरून किंवा ती ओढली जाण्यावरून डोळ्यांनीच ओळखावे लागते. ही नजर पुस्तकातून येत नाही आणि ती कमावण्यासाठी रुग्णाचे शरीर वापरणे योग्य नाही. म्हणूनच सिम्युलेटर, म्हणजे संगणकाने घडवलेल्या आभासी शरीरावर सराव करून घेणारे यंत्र, या शिक्षणाचा पाया ठरले आहे.

सिम्युलेटरवरील एका सरावात वाकड्यातिकड्या तारेवरून कडी तारेला न घासता पलीकडे न्यायची असते, आणि तेवढ्या साध्या कामात शिकाऊ डॉक्टरांच्या बहुतेक सवयी उघड्या पडतात. कॅमेरा वेगळ्या पेडलाने हलवावा लागत असल्याने नवखा शिकाऊ तो हलवण्याचा कंटाळा करतो आणि उपकरण दृष्टीआड असतानाच पुढे रेटतो. दोन्ही हात फार लांब गेले की क्लच, म्हणजे रोबोचे हात स्थिर ठेवून आपले हात सोयीच्या जागी परत आणू देणारा पेडल, दाबायचे विसरून तो अवघडलेल्या कोपरांनी काम करत राहतो. यंत्र हे सारे टिपते: लागलेला वेळ, उपकरणांनी कापलेले एकूण अंतर, त्यांची परस्परांशी झालेली टक्कर, अवाजवी जोर आणि दृष्टीआड झालेली प्रत्येक हालचाल. या शेवटच्या नोंदीला सर्वाधिक वजन द्यायला हवे, कारण पोटात न दिसता हललेले उपकरण आतड्याला भोक पाडू शकते.

निर्जीव वस्तूंवर हात बसवण्याची ही शिस्त भारतीय शल्यतंत्राला नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर, शिरा वेधण्याचा सराव मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठावर आणि शिवण्याचा सराव कापडाच्या कडांवर व मऊ कातड्यावर करावा, असे सांगितले आहे.

ही शिस्त मागे पडली की काय होते, हे दुर्बिणीने पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत दिसले; महाराष्ट्रात ती १९९० मध्ये सुरू झाली. त्या वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी ती केली. हे तंत्र जगभर वेगाने पसरले, पण शिक्षण त्या वेगाने झाले नाही आणि पहिल्या काही वर्षांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण वाढले. आभासी सरावाचा उपयोग पुढे येल विद्यापीठातील १६ निवासी डॉक्टरांवरील प्रयोगाने दाखवला, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सिम्युलेटरवर तयार झालेल्या गटाने पित्ताशय यकृतापासून २९ टक्के अधिक वेगाने सोडवले, तर असा सराव न केलेल्या गटाकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच ऊती भाजण्याची शक्यता पाचपट होती. सिम्युलेटरवर तयार झालेल्या गटाचा सराव ठरावीक तास भरले म्हणून थांबवलेला नव्हता. अनुभवी शल्यचिकित्सकांनी गाठलेली पातळी हाती येईपर्यंत तो चालला होता. ही बाब रोबोटिक शिक्षणालाही जशीच्या तशी लागू पडते, आणि तासांच्या हजेरीवर दिलेले प्रमाणपत्र तिच्यासमोर फारच तोकडे आहे.

असा सराव महानगरांपुरता राहू नये. कृष्णा आणि तारळी यांच्या संगमाजवळ, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेल्या उंब्रजच्या रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी कराड, सातारा किंवा पुणे गाठावे लागते. कराडलगतच्या मलकापुरात १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने देशभरातील महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा आवश्यक ठरवली आहे. रोबोच्या कन्सोललाच जोडायचा सिम्युलेटर, कन्सोल दिवसभर शस्त्रक्रियांत अडकलेला असल्याने, वापरता येत नाही; टेबलावर मावणारा स्वतंत्र सिम्युलेटर मात्र जेथे रोबो नाही तेथेही चालतो, त्यामुळे जिल्ह्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्याने महानगरात पाऊल ठेवेपर्यंत पेडल आणि क्लच यांच्याशी झगडत राहण्याचे कारण उरत नाही.

सिम्युलेटरला मर्यादाही आहेत. अचानक फुटलेली रक्तवाहिनी, रुग्णाशेजारी उभ्या सहायकाशी ठेवायचा संवाद, गरज पडल्यास रोबोचे हात झटपट सोडवून पोट उघडणे, या गोष्टी एकट्याने पडद्यासमोर बसून येत नाहीत. त्यांचा सराव परिचारिका व भूलतज्ज्ञ यांच्यासह, खऱ्या शस्त्रक्रियागृहात, रुग्ण नसताना करावा लागतो. त्या सरावाची आणि सिम्युलेटरवरील गुणांची नोंद विद्यार्थ्याच्या कार्यवहीत असावी, आणि ती तपासल्याखेरीज मार्गदर्शक शल्यचिकित्सकाने त्याला कन्सोलवर बसू देऊ नये.