द्रवीय दाबयंत्र, कर्मशाळेतील

द्रवीय दाबयंत्र, कर्मशाळेतील : धारवे (बेअरिंग), बुश, दंतचक्रे यांसारखे घट्ट बसणारे भाग दंडावर चढविण्यासाठी अथवा उतरविण्यासाठी आणि वाकलेले दंड सरळ करण्यासाठी वापरण्यात येणारे यंत्र. मिरज, सांगली व कुपवाड या पट्ट्यात पंप, ट्रॅक्टर व तेल एंजिने दुरुस्त करणाऱ्या लहान कर्मशाळांना त्याची वारंवार गरज पडते. तयार यंत्र परवडत नसेल, तर मोडीचे पोलाद आणि मोटारीचा बाटली जॅक यांपासून ते घरीच बनविता येते.

जुन्या लोखंडाचा उपयोग या परिसरास नवा नाही. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी पहिल्या महायुद्धातील लोखंडाच्या टंचाईत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून मिळालेल्या जुन्या तोफा वितळवून नांगरांसाठी ओतकाम केले. मात्र तोफ वितळली की तिचे पूर्वायुष्य संपते. दाबयंत्रात मोडीचा तुकडा जसाच्या तसा बसतो व त्याचे पूर्वायुष्य त्याच्याबरोबरच येते.

तत्त्व : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कल यांच्या नियमावर यंत्राचे कार्य आधारलेले आहे. जोसेफ ब्रामा यांनी इंग्लंडमध्ये १७९५ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. जॅकमधील पंपाच्या दट्ट्याचा व्यास १० मिमी. व मुख्य दट्ट्याचा ६० मिमी. असल्यास क्षेत्रफळांचे गुणोत्तर ३६ होते. तरफेचा लाभ १५ धरल्यास हातातील २५ किग्रॅ. जोराचे (घर्षण वगळता) १३,५०० किग्रॅ. होतात. जोर मिळविणे इतके सोपे आहे. अवघड आहे ते तो पेलणे.

चौकट : दोन खांब, वरची तुळई, खाली-वर करता येणारा मंच व खांबांतील भोकांतून जाणाऱ्या मंचाच्या खिळी एवढेच तिचे भाग. बाटली जॅक उलटा केल्यास पंपाकडे तेल नीट पोहोचत नाही. म्हणून तो सरकत्या पाटावर उभाच ठेवतात. त्याचा दट्ट्या वरच्या तुळईला रेटतो आणि पाट खाली दाबला जातो. जोर काढल्यावर दोन स्प्रिंगा पाट वर ओढतात.

तुळईचा आकार अंदाजाने ठरवू नये. खांबांतील अंतर ६० सेंमी. व मध्यावरील भार १०,००० किग्रॅ. असल्यास नमन परिबल १,५०,००० किग्रॅ.-सेंमी. येते. १०० मिमी. उंचीच्या दोन चॅनेलांत त्यामुळे दर चौ.सेंमी.ला सु. २,००० किग्रॅ. प्रतिबल निर्माण होते. मृदू पोलादास सु. १,६५० पर्यंतच मुभा असते. १२५ मिमी. उंचीचे दोन चॅनेल घेतल्यास ते सु. १,१२५ वर येते. अवघ्या २५ मिमी.चा हा फरक कारागिराच्या नजरेस क्षुल्लक वाटतो.

मोडीची निवड : इमारतीचे चॅनेल मृदू पोलादाचे असल्याने बहुधा विश्वसनीय ठरतात, गंजून पातळ झालेले वा जुन्या भोकांनी कमकुवत झालेले मात्र टाळावेत. मिरजेसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावी रुळाच्या तुकड्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु रुळात कार्बन अधिक असतो. तो आगाऊ न तापविता वितळजोड केल्यास सांध्यालगतचा भाग ठिसूळ होऊन तडकतो व ती चीर कित्येकदा बाहेरून दिसत नाही. बिडाचे तुकडे तर ताण पडणाऱ्या जागी मुळीच वापरू नयेत.

धारवा उतरविताना तो फुटून कठीण पोलादाचे तुकडे उडू शकतात. ताणलेली चौकट धनुष्याप्रमाणे ऊर्जा साठविते. वाकडा बसलेला भाग निसटला की ती एका क्षणात मोकळी होते. त्यामुळे कामापुढे पोलादी पत्र्याची आड लावतात आणि नव्या यंत्राची पहिली चाचणी बाजूला उभे राहून, भार टप्प्याटप्प्याने वाढवीत घेतात. प्रत्येक टप्प्यानंतर जोर काढून तुळई पूर्ववत सरळ झाली की नाही, हे पट्टी लावून पाहावे. ती किंचितही वाकलेली राहिल्यास जॅकवर कितीही टनांचा आकडा असो, ती चौकट बाद समजावी.