साका: दोष गरात नाही, कोयीत

मानोऱ्याहून एका वाचकानं विचारलंय: आखाजीला महागामोलाचा हापूस आणला. वरून डाग नाही, वास दरवळतोय, पण कापल्यावर कोयीलगतचा गर पांढरट, भुसभुशीत, आंबट. अमेरिकेत जनुकं बदलून न काळवंडणारं सफरचंद काढलं, मग हापूसचा हा साका का जात नाही?

ते ‘आर्क्टिक’ सफरचंद. सुरी फिरली की पेशी फुटतात, पीपीओ नावाचं विकर आणि फेनॉल एकत्र येतात आणि हवा लागून फोड तपकिरी पडते. कॅनडातल्या ओकानागन कंपनीनं या विकराची जनुकं गप्प केली. २०१५ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं त्याला मान्यता दिली. काम देखणं आहे, पण ते सुरीनंतरच्या डागापुरतं. साका सुरी लागायच्या आधीच तयार असतो.

१९३०च्या दशकात हापूस युरोपला धाडताना चीमा आणि दाणी या संशोधकांनी साक्याची नोंद केली. पुढं कित्येक वर्षं उन्हाला, जमिनीतून येणाऱ्या उष्म्याला दोष दिला गेला. उष्म्यानं साका वाढतो हे खरंच. पण २००४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या रवींद्र आणि शिवशंकर यांनी बोट ठेवलं ते कोयीवर. परतीच्या पावसात सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटतात, हे तुमच्या वाशिमच्या शेतकऱ्याला सांगायला नको. आंब्याचं बीही झोप न घेणारं. फळ झाडावर असतानाच त्याची रुजायची तयारी सुरू होते आणि त्यासाठी हवं ते भोवतालच्या गरातून ओढून घेतं. तिथल्या स्टार्चची साखर होतच नाही. इथं पीपीओ गप्प करून काय साधणार?

आणि उत्तर आपल्याकडं कधीचं आहे! वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही जात दिली. तिच्यात साका नाही. मग रत्ना आणि हापूसचा पुन्हा संकर करून ‘सिंधू’ आली, जिची कोय कागदासारखी पातळ. कोयच नावापुरती, तर गर ओढणार कोण? प्रयोगशाळेतल्या जनुकांच्या बातम्या पहिल्या पानावर येतात आणि गुंजाटे, बुरोंडकर यांच्यासारख्या वेंगुर्ल्याच्या संशोधकांची नावं कोकणाबाहेर कुणाला ठाऊक नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाजारही पेटीवर ‘हापूस’ छापलेलं असल्याशिवाय भाव देत नाही.

तेव्हा मानोऱ्याच्या वाचकांनो, पुढच्या आखाजीला रत्ना मागून बघा. हापूसच हवा असेल, तर चौदा आणे तयार असताना उतरवून सावलीत ठेवलेला घ्या. झाडावर पुरता पिकू दिलेल्या फळात साका जास्त निघतो.