उन्हाळी भटकंती : साहस हवे, दुःसाहस नको

परीक्षा आटोपतात, निकालाला अवकाश असतो आणि मित्रमंडळींचे बेत शिजू लागतात. एप्रिल उजाडला की हे चित्र दर वर्षी घरोघरी दिसते. एके काळी हा बेत एखाद्या गडापुरता मर्यादित असे. आता त्यात जलाशयातील कयाकिंग, तंबूतील मुक्काम आणि डोंगरवाटांवरील सायकलस्वारी यांचीही भर पडली आहे. सह्याद्रीत हिंडावे ते पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात, असा जाणत्या गिर्यारोहकांचा दंडक आहे. परंतु विद्यार्थ्यांना सलग सुटी मिळते ती उन्हाळ्यातच. तेव्हा उन्हाळ्यात घराबाहेर पडूच नये, असा सल्ला देण्यात अर्थ नाही. मात्र या ऋतूचे नियम वेगळे आहेत आणि ते समजून घेऊनच पाऊल बाहेर टाकायला हवे.

हे चारही छंद एकाच परिसरात पुरविता येतील असे ठिकाण म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीचा अहमदनगर) अकोले तालुक्यातील भंडारदरा. प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणामुळे येथे विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. त्याच्या एका अंगाला १६४६ मीटर उंचीचे, राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई आहे, तर दुसऱ्या अंगाला रतनगड. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशा गावांमधून जलाशयाला वळसा घालणारा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता सायकलस्वारांना खुणावतो. हा परिसर उदाहरणादाखल घेतला आहे. पुढील विवेचन सह्याद्रीतील कोणत्याही ठिकाणाला लागू पडेल.

घामाचे गणित

श्रम करताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने शरीरातच राहतो. ही उष्णता बाहेर टाकण्याचे उन्हाळ्यातील मुख्य साधन म्हणजे घाम. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले, तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. येथे ‘बाष्पीभवन’ हा शब्द महत्त्वाचा. हवा दमट असेल तर घाम नुसताच निथळतो, वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. म्हणूनच तापमापकाचा आकडा पाहून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे खुल्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी परिसरातील तापमानाची नोंद चाळिशीच्या आतच होती आणि ती माणसे डोंगर चढत नव्हती, तर बसून होती.

दुसरी बाब सवयीची. वातानुकूलित खोलीत दिवस काढणाऱ्या शरीराला उन्हातील श्रमांशी जुळवून घेण्यास एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातील क्षारांचे प्रमाण घटते. मोहिमेपूर्वी दहा-बारा दिवस रोज तासभर सकाळच्या उन्हात चालण्याचा किंवा सायकल चालविण्याचा सराव केला, तर हा बदल घरीच घडवून आणता येतो. चढावर माणशी ताशी अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, असे धरून चालावे. नुसतेच साधे पाणी भरमसाट पिणेही योग्य नाही. त्यामुळे रक्तातील सोडियम पातळ होते. जलसंजीवनी, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी, कैरीचे पन्हे वा ताक सोबत असावे.

मित्र कशासाठी?

उष्माघाताचे एक वैशिष्ट्य फारसे ध्यानात घेतले जात नाही. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेले की मेंदूच्या कामात बिघाड होतो. माणूस असंबद्ध बोलू लागतो, चिडतो, अडखळतो, पण ‘मला काही झालेले नाही’ असेच सांगतो. म्हणजे ज्याला धोका आहे, त्यालाच तो कळत नाही. तो ओळखायचा असतो सोबत्याने. मित्रांसमवेत जाण्याचा खरा लाभ गप्पागोष्टींच्या पलीकडे आहे तो हा.

प्रत्यक्षात मात्र मित्रांच्या घोळक्यात नेमके उलटे घडते. दमलो असे पहिल्याने कबूल करण्यात कमीपणा वाटतो. पुढे गेलेले थट्टा करतात आणि मागे पडलेला मुकाट्याने चालत राहतो. पुढचे थांबून विसावा घेतात. हा पोहोचला की ते उठतात, म्हणून विसाव्याची खरी गरज असलेल्यालाच तो मिळत नाही. यावर उपाय साधा आहे. चालण्याचा वेग सर्वांत संथ सोबत्याने ठरवावा. सर्वांत अनुभवी व्यक्तीने शेवटी राहावे. दोघा-दोघांच्या जोड्या लावून एकमेकांच्या पाण्यावर आणि बोलण्यावर लक्ष ठेवावे. ‘आता परत फिरू’ असे कोणीही म्हटले तर त्यावर वाद घालायचा नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

कोणाला उष्माघात झालाच, तर त्याला सावलीत न्यावे, अंगावरील कपडे सैल करावेत, शरीरावर पाणी ओतून वारा घालावा. मानेला, काखेत ओले फडके ठेवावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. रुग्णाला हलविण्याची व्यवस्था करतानाही शरीर थंड करणे थांबवू नये. या वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

सूर्याच्या घड्याळाने

उन्हाळी दिवसाची आखणी सूर्य ठरवितो. गडाचा चढ पहाटे, फटफटण्यापूर्वी विजेरीच्या उजेडात सुरू करून दहाच्या आत उतरणीला लागावे. सायकलफेरीसाठी सकाळ उत्तम. ती हुकली तर चार वाजल्यानंतरचा वेळ. अकरा ते चार हा काळ सावलीत काढावा. चारही छंद एकाच दिवसात उरकण्याचा अट्टहास करू नये.

कयाकही सकाळीच वल्हवावी, याचे कारण ऊन एवढेच नाही. मे महिन्यात दुपारनंतर घाटमाथ्यावर पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि मोठ्या जलाशयात लाटा उठू लागतात. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमल्यावर परतीच्या वाटेवर वाराच साथ देतो. लाइफ जॅकेट नावेत ठेवून भागत नाही, ते अंगात घालून त्याचे सर्व बंद आवळलेले असले पाहिजेत. कयाक उलटलीच, तर तिला धरून राहावे. ती तरंगते आणि दुरून दिसतेही. पोहता येते म्हणून काठ गाठण्याचा मोह जिवावर बेततो. उन्हाळ्यात पाणी ओसरल्याने काठावर गाळ उघडा पडलेला असतो, त्यात पाय रुतू शकतो. परवानगी असलेल्या ठिकाणी आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच पाण्यात उतरावे.

सायकलस्वारांना चढाची धास्ती वाटते, पण अपघात होतात ते उतारावर. हलका गिअर टाकून चढ संथपणे पार करता येतो. उतारावर ब्रेक सतत दाबून धरण्याऐवजी टप्प्याटप्प्याने, दोन्ही चाकांचे मिळून वापरावेत. शरीराचा भार मागे घ्यावा आणि वळणापूर्वीच वेग कमी करावा. हेल्मेट, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि हवेचा पंप यांत काटकसर नको.

वळीव, वणवा आणि काजवे

मे महिन्यातील निरभ्र आकाश दुपारनंतर पाहता पाहता भरून येते. कळसूबाई आणि रतनगड या दोन्ही वाटांवर लोखंडी शिड्या आहेत. विजांच्या कडकडाटात उघडा माथा आणि लोखंडी शिडी यांहून वाईट जागा नाही. ढगांचा गडगडाट कानी पडताच खाली उतरू लागावे, एकट्या झाडाचा आसरा घेऊ नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्यावर येऊ नये. साम्रदजवळील सांदण दरी ही उन्हाळ्यात अनेकांची आवडती वाट. पण ती मुळात पाण्याचीच वाट आहे. माथ्यावर पडलेल्या वळवाचे पाणी अरुंद दरीत वेगाने घुसते आणि बाजूला सरकायला जागा नसते. तंबूही कोरड्या ओढ्याच्या पात्रात ठोकू नये. तेथील मऊ, सपाट वाळूचा मोह टाळावा.

हा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. सुकलेल्या गवतात एक ठिणगीही वणवा पेटवू शकते, म्हणून शेकोटी टाळावी आणि मुक्कामासाठी वनविभागाचे नियम आधी विचारून घ्यावेत. मे अखेरीस येथील झाडे काजव्यांनी लखलखतात. तो प्रकाश हा नर-मादीतील संकेत असतो. विजेऱ्यांच्या आणि गाड्यांच्या झोतात तो हरवतो आणि पुढच्या पिढीचे चक्र खंडित होते. दिवे मालवून, पायवाट न सोडता पाहावे.

एक विसंगती मात्र मनात ठेवावी. ज्या घाटघर परिसरात पाऊस धो धो कोसळतो, त्याच भागातील वाड्यापाड्यांत मे महिन्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. कठीण कातळावरून पावसाचे पाणी वाहून जाते आणि जमिनीत मुरते थोडेच. आपण मौजेसाठी येतो आणि ज्या विहिरीवर गाव तगून आहे, तिच्यावर आंघोळी करतो, हे शोभणारे नाही. पिण्याचे पाणी सोबत न्यावे. जेवण, वाटाड्या आणि मुक्काम यांसाठी मात्र गावातच पैसे खर्च करावेत.

राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटन धोरण आणून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली. पैसे भरून जाणार असाल तर ही नोंदणी पाहून घ्या. स्वतःच्या मंडळींसह जाणार असाल तर वाट, मुक्काम आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवा, ११२ हा आपत्कालीन क्रमांक ध्यानात असू द्या. डोंगर कोठे जात नाही, पुढच्या सुटीतही तो तेथेच असेल. गेलेले सारे सोबती सुखरूप परतावेत, हीच मोहिमेच्या यशाची खरी कसोटी.