प्रेमाचा पूल की गरजेचा?

हैदराबादला जाणारा प्रवासी चारमिनार पाहतो, गोवळकोंड्याचा किल्ला चढतो, लाडबाजारात बांगड्या खरेदी करतो आणि परततो. मुसी नदीवरचा पुराना पूल मात्र सहसा कोणाच्या यादीत नसतो. वास्तविक हे शहर वसले १५९१ मध्ये, तर पूल उभा राहिला १५७८ मध्ये. म्हणजे शहरापेक्षा पूलच तेरा वर्षांनी वडील!

गोवळकोंड्याचा सुलतान इब्राहिम कुतुबशहा याने तो बांधला. त्यामागची दंतकथा आजही हौसेने सांगितली जाते. राजपुत्र महंमद कुलीचे मन पैलतीरावरच्या भागमती नावाच्या नर्तकीवर जडले होते. एके रात्री मुसीला महापूर आला असताना त्याने तिच्या भेटीसाठी घोडा पाण्यात घातला. तो कसाबसा वाचला. हादरलेल्या बापाने मग नदीवर दगडी पूल बांधण्याचा हुकूम सोडला. म्हणूनच काहीजण याला ‘प्याराना पूल’ म्हणतात.

कथा गोड आहे, पण हिशेब जुळत नाही. पूल पुरा झाला तेव्हा हा प्रेमवीर जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता! भागमती खरोखर होऊन गेली का, याविषयीही इतिहासकारांत एकमत नाही. पुलाची खरी गरज वेगळी होती. किल्ल्याच्या परिसरात दाटी वाढली होती आणि मछलीपट्टण बंदराकडे जाणाऱ्या व्यापाराला नदी आडवी येत होती. सुमारे सहाशे फूट लांबीच्या, बावीस कमानींच्या या पुलाने ती अडचण दूर केली. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याला तो पाहून पॅरिसमधल्या पाँ नफ पुलाची आठवण झाली.

तरीही लोकांनी कथा सोडली नाही. कारण त्यातला पूर त्यांच्या ओळखीचा होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीने रौद्र रूप धारण केले. सुमारे पंधरा हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. नंतरच्या काळात बांधलेले अफझल, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे पूल पुरापुढे टिकले नाहीत. शहराचे दोन भाग जोडून ठेवले ते या म्हाताऱ्या पुलाने!

या संकटानंतर निजाम सरकारने अभियंता विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे झाली. नदी आटोक्यात आली, इतकी की एरवी तिचे रोडावलेले पात्र पाहून राजपुत्राच्या साहसाचे हसूच यावे. पण ऑक्टोबर २०२० मधल्या अतिवृष्टीत तीच मुसी पुन्हा फुगली आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरले.

पुलावर भाजीवाले बसू लागले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. गिऱ्हाइके मेथी-कोथिंबिरीचा भाव करतात. घोडा पाण्यात घालणारा राजपुत्र इतिहासात सापडत नाही. पण ज्या पुराच्या भीतीने त्याची गोष्ट जन्मली, तो मात्र खरा होता.