बीजभांडवल आणि ३५ टक्के अनुदान : आधी हिशेब समजून घेऊ, मग सही करू

मैत्रिणींनो, आपल्या शेतातली तूर पोत्यानं बाजारात जाते आणि तिचीच डाळ आपण दुकानातून महाग आणतो. मिरची, हळदीचंही तसंच. मधली कमाई गावातच राहावी, यासाठी केंद्र सरकारनं जून २०२० मध्ये प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना आणली. खर्चाचा वाटा केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलतं. आपल्याकडे ती कृषी विभागामार्फत चालते. बचत गटांचं बीजभांडवल उमेद अभियानातून येतं.

बैठकीत या योजनेचं नाव निघालं की दोन गोष्टींची सरमिसळ होते. बीजभांडवल वेगळं आणि ३५ टक्के अनुदान वेगळं.

बीजभांडवल : गटासाठी

अन्नप्रक्रियेचं काम करणाऱ्या प्रत्येक सदस्येमागे ४० हजार रुपये, एका गटाला जास्तीत जास्त ४ लाख. कच्चा माल घ्यायला, छोटी अवजारं घ्यायला हे पैसे वापरायचे.

इथं 'काम करणाऱ्या' हा शब्द महत्त्वाचा. गटात १० जणी आहेत, पण मसाला चौघीच करतात, तर हिशेब चौघींचाच : ४ × ४०,००० = १ लाख ६० हजार. बाकीच्या सहा जणींची नावं घुसवायची नाहीत.

दुसरी गोष्ट. सरकारकडून हे पैसे संघाला अनुदान म्हणून मिळतात, पण संघ ते गटाला कर्ज म्हणून देतो. म्हणजे परत करायचेच. "सरकारचे पैसे आहेत, कोण मागतंय?" असं कुणी म्हणालं, तर तिला सांगा : सरकार नाही मागत, पुढचा गट मागतोय. आपला हप्ता आला की तोच पैसा दुसऱ्या गटाच्या शेवयांना, लोणच्याला लागतो. आपण थांबवला तर त्यांचं काम थांबतं.

३५ टक्के अनुदान : यंत्र आणि उद्योगासाठी

हे एकटीला घेता येतं, गटालाही घेता येतं. एकटीच्या उद्योगाला पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. जागा विकत घेण्याचा खर्च यात धरत नाहीत.

समजा, डाळ मिल आणि बाकी सामान मिळून खर्च आला ३ लाख.

- आपला वाटा किमान १० टक्के : ३० हजार
- अनुदान ३५ टक्के : १ लाख ५ हजार
- उरलेलं बँकेचं कर्ज : १ लाख ६५ हजार

आता नीट ऐका. ते १ लाख ५ हजार आपल्या हातात येत नाहीत. बँक आधी कर्ज मंजूर करते. अनुदान बँकेत वेगळ्या खात्यात ठेवलं जातं आणि तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. कर्जाचा शेवटचा टप्पा मिळाल्यापासून ३ वर्षं झाली, हप्ते नीट चालू आहेत आणि उद्योगही चालू आहे, असं असेल तरच ती रक्कम आपल्या कर्जात वळती होते. हप्ते थकले किंवा यंत्र गोठ्यात धूळ खात पडलं, तर अनुदानही हातचं जाईल आणि कर्ज डोक्यावर राहील.

म्हणून अनुदान बघून यंत्र ठरवू नका. आधी विचारा : महिन्याला किती माल विकला जाईल? कुठं? हप्ता भरून हातात काय राहील? तीन फेजची वीज आहे का? पावसाळ्यात काम किती दिवस बंद राहील?

मदत कोण करतं?

प्रकल्प अहवाल, बँकेची कागदपत्रं, उद्यम नोंदणी, अन्न सुरक्षेची नोंदणी या कामांसाठी जिल्ह्यात 'संसाधन व्यक्ती' नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन सरकार देतं. आपल्याला एक रुपयाही द्यायचा नाही. उद्यम नोंदणीही मोफत आहे. "कर्ज पास करून देतो, एवढे टक्के द्या" म्हणणारा कुणी आला, तर त्याच्याकडे आधार कार्ड आणि पासबुक देऊ नका. तालुका कृषी कार्यालयात जाऊन नाव विचारा.

पुढच्या बैठकीत एवढं करू

१. अन्नप्रक्रिया खरंच करणाऱ्या सदस्यांची यादी काढा आणि ठराव लिहा.
२. मागच्या वर्षीची खरेदी-विक्री वहीत उतरवा. बँक आधी तेच विचारते.
३. गटाचे जुने हप्ते थकले असतील तर आधी ते भरा.
४. सध्याचे निकष आणि अर्जाची मुदत कृषी कार्यालयातून किंवा सीआरपी ताईंकडून विचारून घ्या.

हिशेब सगळ्या दहा जणींना समजला, की मगच सही करा. अध्यक्ष-सचिवांना समजला, एवढ्यावर भागवू नका. कर्ज गटाच्या नावावर येतं, म्हणजे ते आपल्या सगळ्यांचं असतं.